आपांचा चांदीचा छल्ला

शाहीन आपा गेल्या हे मला जाफराबादला येणाऱ्या एस.टी.त कळलं. त्यांच्या मुलीचा, नजमाचा फोन होता. "मावशी, अम्मी गेली..." एवढंच बोलली. मी खिडकीकडे तोंड करून रडले आणि बोटातली अंगठी चाचपत राहिले. ती आपांनीच ओतलेली.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. माझी आई वारली तेव्हा तिची जोडवी माझ्याकडे आली. झिजून पत्र्यासारखी झालेली, एक तर तुटलेलं. मला त्याच चांदीची अंगठी हवी होती. सराफ म्हणाला, मोडीत द्या, बदल्यात नवी घ्या. आईच्या पायातली चांदी कुठल्या ढिगात जाईल या विचारानं मी जोडवी तशीच परत घेऊन आले. आपांना सांगितलं तर म्हणाल्या, "रडून काय राह्यलीस? उद्या ये. चांदी तुझ्या डोळ्यासमोरच राहील."

त्यांचा कारखाना म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा. गॅसची छोटी बत्ती, चांदी वितळवायला मातीची मूस, चिमटा, दोन विटा. साचा समुद्रफेसाचा... काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं ते पांढरं, ठिसूळ हाड. सुरीच्या टोकानं त्यात अंगठी कोरायची, वर ओतायला नरसाळ्यासारखं तोंड ठेवायचं. एकदा ओतलं की साचा जळून जातो. बत्ती पेटवण्याआधी आपांचा हुकूम सुटायचा, "पंखा बंद!" वाऱ्यानं जाळ हलतो म्हणे. त्या दिवशीही आम्ही दोघी घामानं निथळत होतो.

साचा उघडला तर अंगठी अर्धीच! वरचं तोंडही चांदीनं भरावं लागतं. तेवढी जोडव्यांत नव्हती. आपांचा अंदाज चुकला होता आणि माझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी दुसरा साचा कोरला, अर्धी अंगठी परत मुशीत टाकली. मग करंगळीतला छल्ला काढून तोही टाकला. तो त्यांच्या अम्मीचा होता, हे मला ठाऊक होतं.

"आपा, नको!"

"आता बोलू नको. चांदी तापून राह्यली."

या वेळी अंगठी पूर्ण उतरली, समुद्रफेसाच्या बारीक रेघांसकट. तोंडात उरलेला चांदीचा गोळा कापून आपांनी वितळत्या चांदीवर टाकायच्या टाकणखाराच्या डबीत ठेवला. "याचा माझा छल्ला करते, मंग कधी तरी." ते कधी तरी आलंच नाही. त्या दुसऱ्यांच्या पोरींसाठी लोलक, कड्या ओतत राहिल्या. असं माणूस मला शेजारी मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं.

मागच्या आठवड्यात नजमाकडे गेले. तिनं ती डबी पुढं ठेवली आणि मी सवयीनं उठून पंखा बंद केला. नजमा हसली, हसता हसता रडली. डबीत गोळा तसाच होता.

"मावशी, तुमच्या अंगठीतलं हाय ना हे? घेऊन जा."

"राहू दे. तुझ्या नानीबरोबर माझी आईही आहे त्यात. तूच छल्ला ओत आणि घाल."

तिनं गोळा मुठीत धरला.

"मंग तुम्ही या त्या दिवशी. पंखा कोण बंद करंल?"