तिन्हीसांजेचा उंबरा

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. अजूनही चार ओळी लिहिताना हात अडखळतो. त्यात हा देवाचा विषय. तो ज्यांनी जन्मभर भक्ती केली त्यांनी लिहावा. मला तर आरतीही पूर्ण पाठ नाही. तरी लिहितो आहे. आगाऊपणा वाटला तर माफी असावी.

दादा वेल्डर आहे. सुट्टी संपवून तो मुंबईहून विमानानं आखातात परत निघाला होता. दुपारी मी फोनवरच्या विमानं दाखवणाऱ्या नकाशात त्याचं विमान बघत होतो. समुद्रावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी रांगेनं सरकत होती. एकाएकी ती सगळी, एकामागून एक, माघारी वळली. मग बातमी आली की तिकडे हल्ले सुरू झालेत, आकाश बंद केलंय, मिळेल त्या विमानतळावर विमानं उतरवतायत आणि विमानतळ भरून गेलेत. माघारी वळलेलं दादाचं विमान एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं. नंतर ते पडद्यावर दिसेना.

"कुठवर गेला रं?" आईनं आतून विचारलं.

"जायलाय अजून," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

दिवस मावळायला आला. आमच्याकडे तिन्हीसांजेला उंबऱ्यावर कुणी बसत नाही. ती नरसिंहाची जागा, घरातही नाही आणि बाहेरही नाही. आईनं देवाजवळ दिवा लावला. मी मागे वळून पाहिलं, तर उंबऱ्यावर एक म्हातारा बसलेला. पायात धूळ, खांद्यावर घोंगडी. कुत्रं समोरच होतं, पण भुंकलं नाही. एरवी त्या जागेवरून पाहुण्यालाही उठवणारी आई पाणी आणायला वळली. तिनं तांब्या भरून दिला.

"कुणाची वाट बघायलाव?" त्यानं विचारलं.

"भाऊ विमानात हाय, बाबा. उतरायला जागा न्हाई म्हणतेत."

तो पाणी प्याला. "मिळाली की जागा. अडचणीची हाय, पर मिळाली."

मी फोनकडे पाहिलं. पडदा तसाच रिकामा. मान वर केली तेव्हा उंबरा मोकळा होता. रस्त्यावर दोन्हीकडे कुणी नव्हतं. उंबऱ्याचं लाकूड हाताला गरम लागलं.

पोखर्णीच्या नरसिंहाला जाणारा वाटसरू असेल, मला सांगता येत नाही. एवढं खरं, की मी फोन पालथा ठेवला आणि आईशेजारी दिव्यापुढे बसलो. दिवसभर जणू मीच ते विमान हातानं धरून ठेवलं होतं. ते मी सोडलं. मागितलं काहीच नाही. त्या बसण्याचे उपकार मी विसरणार नाही.

अंधार पडल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. दादा होता.

"उतरलो रं. बारकंसं विमानतळ हाय, विमानाला विमान खेटून उभं केलंय. शिडी लावली, पर खाली उतरू देईनात. आत जीव गुदमरायला लागला, म्हणून दारातच बसू दिलंय."

आईनं फोन ओढून घेतला. "तिकडं दिवस मावळला का रं?"

"आत्ता मावळायलाय."

"मग ऊठ तिथून," आई म्हणाली, आणि रडायला लागली. "त्याला बसू दे."