हरणीचं दावं

हे आत्ताच सांगून टाकायला हवं. उद्यावर ठेवलं तर मी शहाण्यासारखं काहीतरी लिहीन, नावामागं "कैलासवासी" लावीन, आणि माझा बापूमामा त्यातून अलगद निसटून जाईल. काल सांजच्याला जानेफळहून परतले. चपलांना तिथली काळी माती अजून तशीच आहे, आणि मामीचं एक बोलणं कानातून जात नाहीये... पण आधीचं सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळायचं नाही.

बापूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. जानेफळला त्याची शेती, कपाशी आणि ज्वारी. काही आठवड्यांपूर्वी तापानं गेला. मी नागपूरला शिकते, तिथंच आईचं कार्ड आलं. वाचलं आणि वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन आभाळाकडं बघत उभी राहिले. रडू नाही आलं. वर बघायची सवय त्यानंच लावलेली. लढाईच्या दिवसांत जानेफळवरून विमानं जायची, तेव्हा घरघर ऐकू आली की मामा भरल्या ताटावरून उठून अंगणात यायचा, हातात भाकरीचा तुकडा तसाच. आमच्याकडं लोक आभाळ बघतात ते ढगांसाठी. मामा निरभ्र आभाळ बघायचा. पुढं तो नागपूरला येऊन उडायला शिकला. पेरणी झाली की यायचा, वेचणीला परत जायचा, आणि गावात कोणी विचारलं की म्हणायचा, "जिनिंगच्या कामानं गेलो होतो बे."

मग त्यानं विमान घ्यायचं ठरवलं. इंग्रज साहेब लोक आपापलं सामान विकून मायदेशी निघाले होते, त्यांच्यात एकाचं दोन माणसांचं छोटं विमान होतं. लाकूड आणि कापडाचं, सायीच्या रंगाचं. त्याच्या जातीचं दुसरं नागपुरात कोणी पाहिलेलं नव्हतं. शिकवणाऱ्या मास्तरांनी मामाला परोपरीनं समजावलं, की नेहमीचं घ्या, त्याचे सुटे भाग मिळतात, याचा एक तुकडा मोडला तर कुठं जाल? मामा ऐकून घेत होता, पण त्याचे डोळे त्या विमानावरून हलेनात. मी तेव्हा नागपूरलाच शिकत होते, म्हणून सोबत गेले होते. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "शालू, त्या नेहमीच्या विमानात एकामागं एक बसा लागते. तुही मामी मांगं बसली तं तिच्याशी बोलू कसा? हिच्यात पाह्य कशा बाजूबाजूले खुर्च्या हायेत. दमणीत बसल्यावानी." दमणी म्हणजे आमच्याकडची बैलांची हलकी गाडी. त्यानं विमान घेतलं ते एवढ्याचसाठी.

आणि घेतलं कसं, तर बैल घेतात तसं. भोवती तीन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप दिली, चाकाशी बसून पाय बघितले. मग साहेबाचा हात हातात धरला, त्यावर आपलं उपरणं टाकलं, आणि आत बोटं दाबून भाव सांगायला लागला. बाजारात असाच सौदा करतात, चारचौघांत आकडा बोलत नाहीत. साहेबाला वाटलं हा काही धार्मिक विधी असावा. तो टोपी काढून गंभीरपणे उभा राहिला. मी हसू दाबत मधे पडून सौदा पार पाडला. शेवटी साहेबानं विमान बांधायचे दोर आणून दिले. त्यांच्या मधोमध रबराचा लवचिक तुकडा होता. मामानं ते दोन्ही हातांनी परत केले. "हे तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. जनावर नेतो, दावं नाही नेत." आमच्याकडं विकलेल्या जनावराचं दावं घरधनी ठेवून घेतो. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. साहेबाला मी काय समजावणार? तो दोर हातात घेऊन बघत राहिला... आणि मामा तेव्हाच म्हणाला, हिचं नाव हरणी.

मला वाटलं, आता मला घेऊन उडेल. तर म्हणाला, "तुले नाही, बाई. त्या खुर्चीवर पह्यले तुही मामी." तो रिकामी खुर्ची शेजारी घेऊन जानेफळला उडाला, आणि मी आगगाडीनं अकोला, मग मोटारीनं धूळ खात मेहकर, पुढं दमणीत. पोचले तेव्हा हरणी पडीक वावरात उभी होती, सारं गाव भोवती जमलेलं, आणि मामी ओवाळायचं ताट घेऊन लांबच थांबलेली. लांबूनच ओवाळलं तिनं.

मामी काही बसेना. "मले भोवळ येते." "घरी पापड वाळत हायेत." "आकाशात कोणाच्या घरी जायचं हाय?" मामा रोज सांजच्याला एक चक्कर मारून यायचा आणि जेवताना तिला वरून काय दिसलं ते सांगायचा. ती ऐकत नाही असं दाखवायची, पण भाकरी थापायची थांबायची. एकदा तो म्हणाला, "मेहकराचं देऊळ दाखवतो, मंग पैनगंगा धरून वर निघालं की सरळ देऊळघाट." देऊळघाट मामीचं माहेर. तिची आई थकलेली, आणि तिकडं जायचं म्हणजे मोटारी बदलत सारा दिवस जायचा. मामी चुलीकडं बघत म्हणाली, "माय अंगणात कुरडया घालत असन... मी तिले दिसीन का?" मामा म्हणाला, "हात हालवजो. दिसशीन."

एक दिवस सोडून सकाळी निघायचं ठरलं. मामीनं नवं लुगडं काढून ठेवलं, आईसाठी शेवया बांधल्या. मामानं मधल्या दिवशी अंबाडीचा कोरा दोर वळला, घरचं दावं म्हणून, आणि हरणीचे दोन्ही पंख खुंट्यांना असे गच्च आवळले की एखादा मारका गोऱ्हाही हलला नसता. दुपारून अवकाळी आला. वारा फार नव्हता, नुसता पाऊस. थांबल्यावर आम्ही वावरात गेलो, तर दोर तारेसारखे ताणलेले, आणि डाव्या पंखाचं लाकूड आधाराच्या जोडापाशी तडकलेलं. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. साहेबाच्या दोरात ते रबर कशाला होतं, ते तेव्हा कळलं.

मामा अंगणातल्या बाजेवर येऊन बसला. हातानं बाजेचे दोर चाचपून म्हणाला, "पाह्य शालू, बाज पावसात भिजली की ताणते, हे मले लहानपणापासून ठाऊक. अन् मी सकाळभर याच बाजेवर बसून दोर वळला."

मामी आत गेली आणि तिनं नवं लुगडं घडी करून ठेवलं. नागपूरहून माणूस आला, बघून मान हलवून गेला. विलायतेला पत्र घातलं, तर उत्तर आलं की ती जात आता कोणी बनवतच नाही. लोक म्हणाले, इंजिन विका, बाकीचं सरपण. मामानं हरणीला कापूस साठवायच्या छपरात आणून उभं केलं, आणि मला वाटलं, संपलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत गेले तर दोघं घरात नाहीत. छपराकडून बोलण्याचा आवाज. डोकावले... मामा आणि मामी हरणीत शेजारी शेजारी बसलेले, मामीच्या मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप, आणि मामाचे डोळे मिटलेले.

"हे मेहकर. देवळाचं शिखर पाह्य उजव्या बाजूले."

"हळू घ्या नं जरा. शेंगा सांडतीन."

"आता पैनगंगा. कशी चमकून राह्यली पाह्य."

"देऊळघाट आलं काय?"

"आलं नं."

"माय दिसते?"

"अंगणातच हाय. वर पाहून राह्यली."

मामीनं सूप बाजूला सारलं आणि छपराच्या अंधारात हात हलवला. मी पाय न वाजवता मागं फिरले. छपरातून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशांत कापसाचे तंतू तरंगत होते, आणि खरं सांगते, मला क्षणभर वाटलं की मी खाली उभी आहे आणि ते दोघं फार उंचावर आहेत. त्यानंतर रोज सांजच्याला ते उडायचे. मामीला भोवळ यायची म्हणून मामा वळणं हळू घ्यायचा. तापात होता तेव्हाही म्हणे विचारायचा, "आज निघायचं नं?"

परवा सांजच्याला मामीनं मला छपरात नेलं. ती तिच्या खुर्चीवर बसली, शेजारची हातानं झटकली आणि म्हणाली, "बस. खाली नको पाहू." मी त्याच्या जागी बसले. मला काही सांगता येईना, तर तीच सांगायला लागली, मेहकर, पैनगंगा, देऊळघाट... तिला सगळं पाठ होतं. उतरल्यावर तिनं, रोजचं काम असल्यासारखा, खुंटीवरचा तोच अंबाडीचा दोर काढला आणि हरणीचा पंख छपराच्या खांबाला बांधला. गाठ मारून झाल्यावर फासात दोन बोटं घालून पाहिली, ढील आहे ना म्हणून.

"मामी, इथी ना वारा, ना पाऊस. बांधते कायले?"

तिनं बोटं काढून घेतली. म्हणाली, "जाणारं जाते, बाई. दावं घरच्यापाशी राहते."

तुमच्या घरी असं झालंय का हो? माणूस निघून गेलं, आणि मागं राहिलेलं कोणी रोज सांजच्याला काहीतरी असं बांधतं, दोन बोटं ढील ठेवून?