घोंगडीखाली दिसलेली चीर

शैलजा गेली तो गुरुवार होता. सकाळी तिने चहा घेतला, कप ओट्यावर ठेवला आणि ती खाली बसली. डॉक्टर आले तोवर ती गेली होती.

नंतर घरी माणसं येत राहिली. बायकोबद्दल त्यांनी खूप चांगलं सांगितलं, मी मान हलवत राहिलो. एक गोष्ट मात्र त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही. आमच्या मुलीलाही नाही. ती तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही शैलजाला ओळखत नव्हता, म्हणून असेल.

पण आधी तिच्याबद्दल बोलू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

ती माजलगावला झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मी तिथल्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमची जुनी पेट्रोल गाडी तीच चालवायची. चालवता मलाही येते – पण तिला ती ऐकू यायची. सिरसाळ्याला तिच्या वडिलांची जीप होती, तिच्या बॉनेटपाशीच शैलजा वाढलेली. गाडी दचकत थांबली की आम्ही सगळे म्हणायचो, पेट्रोलमध्ये कचरा आला. ती हसायची. कचरा असला तर गाडी हळूहळू दम सोडते, म्हणायची. करंट तुटत असला तर ठोका चुकतो, चढावर झटके बसतात, सायलेन्सरमधून फटाका वाजतो आणि मागे कच्च्या पेट्रोलचा वास राहतो. सकाळी इंजिन नेहमीपेक्षा जास्त वेळ नुसतंच फिरलं, तरी तिची मान जराशी कलायची. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी.

आणि तिची ती घोंगडी! करंट कुठून निसटतो ते उजेडात दिसत नाही. म्हणून ती भर उन्हात बॉनेट उघडून अंगावरून काळी घोंगडी घ्यायची आणि आत वाकून अंधारात बघायची. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय गं, गाडीचा फोटो काढायलीस का?" आतून उत्तर यायचं, "हाव काकू, पण ही हसतच नाही बघा!" रफिकभाई मेकॅनिक तर मला सरळ म्हणायचे, "सर, घर में उस्ताद हाय, फिर मेरेकू कायकू बुलाते?"

इंजिनाच्या प्लगांना आळीपाळीने करंट वाटणारा एक भाग असतो, डिस्ट्रिब्यूटर. त्यावर काळी टोपी असते. आमच्या गाडीची टोपी एकदा तडकली. केसाएवढी चीर, पण करंट तिच्यातूनच पळायचा. शैलजाने नवी टोपी बसवली आणि तडकलेली बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली, वर्गात दाखवायला. चीर मागच्या बाकावरच्यांनाही दिसावी म्हणून तिने भोवती खडूने वर्तुळ काढलं होतं. मलाही तिनेच दाखवली. अशा टोपीवर गाडी घरून निघते, म्हणाली, पण पोचेलच असं नाही.

हे मी लक्षात ठेवलं.

तिला मुख्याध्यापिकेची बढती मिळणार होती. शाळा निवडायला बीडला स्वतः हजर राहावं लागायचं. नाव पुकारलं तेव्हा जागेवर नसलं, तर बढती गेली. जेवताना ती म्हणाली, "मी आष्टीकडची शाळा घेणार. तिथं कुणी जायला तयार नाही, म्हणूनच." किती आनंदात होती! आष्टी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे तिला तिथंच राहावं लागणार होतं. मी वरण वाढून घेतलं. मला काय दिसत होतं – कुलूप लावलेलं स्वयंपाकघर, की लोकांनी 'मॅडमचे मिस्टर' म्हणून केलेली माझी ओळख? दोन्ही. मनात होतं म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही. नको जाऊस, एवढं तोंडाने म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

बीडला जायच्या आदल्या संध्याकाळी ती देवळात गेली असताना मी डबा उघडला. टोपीवरचं वर्तुळ ओल्या फडक्याने पुसलं आणि टोपी गाडीला बसवली. चांगली टोपी माझ्या कपाटात शब्दकोशांच्या मागे ठेवली.

सकाळी तिने किल्ली फिरवली. इंजिन बराच वेळ नुसतंच फिरलं. तिची मान कलली. "थांबा हो," ती म्हणाली, "आज हिचा आवाज बरोबर नाही. बघते जरा."

"उशीर होईल," मी म्हणालो. "चल."

आयुष्यात पहिल्यांदा तिने गाडीचं न ऐकता माझं ऐकलं.

तेलगावच्या पुढे झटके सुरू झाले. फटाका वाजला. मग गाडी उभीच राहिली. "कचरा असेल," मी म्हणालो. हो, हेसुद्धा म्हणालो. तिने डिकीतून घोंगडी काढली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याच्या ड्रायव्हरला तिने किल्ली फिरवायला बसवलं आणि मला घोंगडीचं टोक धरायला सांगितलं.

"काय सर," तो आत बसल्या बसल्या म्हणाला, "बाई काम करायल्यात अन् तुमी नुस्ती सावली धरून उभे व्हय?"

"तेवढंच काम हाय त्यांना," ती आतून म्हणाली. "मला अंधार लागतो, भाऊ. फिरवा किल्ली!"

मग मला म्हणाली, "तुम्हीही या आत. बघा."

मी वाकलो. घोंगडीखाली गरम तेलाचा वास होता. इंजिन फिरलं आणि टोपीवरून निळी रेघ पळाली – थेट त्या चिरेतून. तिने क्लिपा उघडून टोपी काढली. घोंगडीच्या फटीतून उजेड येत होता. टोपीच्या खाचेत थोडा खडू राहिला होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं.

"दिसलं?"

"हो."

ती बाहेर आली. "काय निघालं बाई?" ड्रायव्हरने विचारलं. ती म्हणाली, "जुनी झाली गाडी. दुसरं काय?" मग पर्समधल्या ब्लेडने ती उन्हात उभी राहून चीर खरवडत राहिली, करंटला वाट देणारा काळा थर जाईपर्यंत. टोपी पदराने पुसली. तशा गाडीनेही तिने बीड गाठलं! तिच्या शेजारी बसून मला भीती वाटत होती, आणि – कसं सांगू – अभिमानही वाटत होता.

नाव पुकारून झालं होतं. "गैरहजर लागलं, मॅडम," क्लार्क म्हणाला. "तुम्हाला त्रास दिला," असं त्याला म्हणून ती पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी मी शब्दकोशांमागची टोपी काढून तिच्या हातात दिली. बाजारातून नवीन आणली, असं सांगितलं. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. तिनेच बसवलेली, तिनेच वापरलेली टोपी.

"बरी मिळाली," ती म्हणाली.

तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? बोललो नाही. पुढेही कितीतरी संध्याकाळी आम्ही एकमेकांसमोर चहा घेत बसलो, तेव्हाही नाही. तिनेही कधी विचारलं नाही. मुख्याध्यापिका न होताच ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तिच्या वर्गातली मुलं – आता बाप्ये झालेली – सांगत होती, बाईंनी आम्हाला न दिसणारी चीर बघायला शिकवलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

ती गेल्यावर मी बिस्किटाचा डबा उघडला. तडकलेली टोपी तिथेच होती. चिरेभोवती तिने खडूने नवं वर्तुळ काढलेलं होतं.

गाडी दारात उभी आहे. किल्ली फिरवली की लगेच सुरू होते. डबा माझ्या कपाटात आहे आणि वर्तुळ टोपीवर आहे.