टीव्ही हसत राहिला

काका मेले आणि टीव्ही हसत राहिला.

'वारले' लिहायला हवं, माहीत आहे. पण काल दुपारपासून मला नीट शब्दच सुचत नाहीयेत.

माझे सख्खे काका. जुन्या जालन्यात खाली कापडाचं दुकान, वर घर. बीपी नाही, शुगर नाही. सकाळी एका गिऱ्हाइकाशी अस्तराच्या कापडावरून हुज्जत घातली, दुपारी वरण-भात जेवले, खोलीत जाऊन टीव्ही लावला.

आणि संपलं. असं कसं संपतं माणूस?

जे मित्र घरी येऊन गेलेत त्यांना काकांचा टीव्ही माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

काकांना जुन्या अमेरिकन कॉमेडी सिरियल्सचं वेड होतं. ब्लॅक अँड व्हाइट. आपले आजोबा तरुण होते त्या काळातल्या. टाय लावून जेवायला बसणारा नवरा, मोत्यांची माळ घालून भांडी घासणारी बायको, आणि दर दोन वाक्यांनी न दिसणारी माणसं खो खो हसतात, त्या.

तरुणपणी कधीतरी टीव्हीवर पाहिल्या होत्या. मग यूट्यूबवर सापडल्या आणि म्हाताऱ्याला गुप्तधनच मिळालं.

इंग्रजी? यथातथाच. येस, नो आणि फिक्स रेट.

पण अडलं होतं कुणाचं? दुपारी टीव्हीबरोबर मोठ्यानं हसत बघायचे आणि चहाच्या वेळी काकूला अख्खी गोष्ट मराठीत सांगायचे. म्हणजे त्यांच्या मराठीत.

"बाईनं नवऱ्याच्या चोरून नवा सोफा आणला. अन् हा बाबा त्याच्यावरच बसून पेपर वाचून राह्यला! त्याला बिलकुल पत्ता न्हाई!"

काकूनं स्वतः एकही भाग पाहिला नाही. "मला त्यांचं गिटपिट न्हाई कळत," म्हणायची. पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आज बाई कोणत्या रंगात होती?"

आता ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कसला आलाय रंग? पण काका पडले कापडवाले. बिनदिक्कत सांगायचे, "अंजिरी. घेराला बराबर पाच मीटर गेलं असंल. अन् नवरा म्हणतो, खर्चा कमी कर!"

मी एकदा म्हटलं, "काका, थापा कशाला मारता?"

"थापा न्हाई. कापड पडतं कसं ते बघितलं की रंग कळतो मला."

चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही त्यांच्या.

घरात एक नियम होता. टीव्हीतून हसण्याचा आवाज येतोय तोवर काकांना हाक मारायची नाही. आवाज थांबला म्हणजे भाग संपला, मग काकूनं चहा टाकायचा. घड्याळाकडे कुणी बघायचंच नाही.

नवा टीव्ही आला, त्यात एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. काका न चुकता रिमोटनं बंद करायचे. चहा खोळंबतो म्हणून.

काल कुणी बंद केला नाही.

मी सुट्टीला आलेय. काकू आणि मी गच्चीवर कुरडया उलटत होतो. बरोबर खाली काकांची खोली, खिडकी उघडी. हसण्याचा आवाज वर येत होता, म्हणून आम्ही निवांत.

मी म्हटलंही, "आज दुसरा भाग लावलेला दिसतोय. चैन आहे बुवा काकांची."

काकूचा हात थांबला.

"हे न्हाई हसून राह्यले."

"अगं, हसतायत की. ऐक ना."

"ते टीव्हीतले. यांचं हसणं न्हाई त्यात."

आणि ती जिन्याकडे पळाली. गुडघ्यांनी बेजार असलेली माझी काकू पळाली.

काका खुर्चीत होते. चष्मा नाकावर, रिमोट मांडीवर. समोर ती बाई काहीतरी बोलली आणि सगळे हसले.

मला तो टीव्ही फोडावासा वाटला. बंद करायचं बटणच सापडेना. शेजारी डॉक्टरांना घेऊन आले तरी तो हसतच होता.

डॉक्टर म्हणाले, "झोपेतच गेले. त्यांना कळलंही नसेल."

सगळ्यांना पटलं. काकूला नाही.

काल लोक स्मशानातून परतले, तेव्हापासून ती एकच विचारतेय.

"मला हाक मारली असंल का गं त्यांनी? त्या हसण्यात ऐकू न्हाई आली असंल मला."

आम्ही डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगतो, ती पुन्हा तेच विचारते.

आज घरात चूल नाही. दुपारी शेजारच्या मावशी थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या. काकूनं कप हातात घेतला, पण पिईना.

मग मला म्हणाली, "कालची गोष्ट राह्यली. तू बघितली का?"

बघितली होती. सकाळी, दार लावून, आवाज अगदी बारीक करून. का बघितली, सांगता येणार नाही. नवऱ्याचा साहेब जेवायला येणार असतो, केक करपतो, शेवटी सगळे हसतात. कशीबशी सांगितली.

"अन् बाई कोणत्या रंगात होती?"

करड्या. तिथं सगळंच करडं होतं.

मी म्हटलं, "पोपटी."

"हट. साहेब जेवायला येणार अन् पोपटी? त्यांनी अबोली सांगितला असता."

ती जराशी हसली. आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, कालपासून पहिल्यांदा.

तेव्हा मला सुचलं ते मी बोलून टाकलं.

"काकू, एवढी माणसं हसत होती आणि त्यात काकांचं हसणं नाही, हे तुला गच्चीवर कळलं. मी तुझ्या शेजारीच होते, मला नाही कळलं. त्यांनी हाक मारली असती तर ती तुला ऐकू आली नसती का?"

काकूनं पदरानं डोळे पुसले.

"आली असती," म्हणाली.

मग तिनं चहा घेतला. गार झाला होता, तरी सगळा घेतला.

काका, टीव्ही मी बंद केलाय.

फ्रॉक अबोलीच होता.

आता निवांत झोपा.