आईला दाखवायचा उजेड

आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये पांढरं म्हणजे पांढरंच, असा आईचा कायदा होता. दर पौर्णिमेला विहारात नेसायची तिची पांढरी साडी दोरीवर वाळत असली की समोरच्या काकू म्हणायच्या, "अहो, डोळे दिपले आमचे!" आई वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायची आणि आतून फुलून जायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. मी आता बिबवेवाडीत राहते, कपडे मशीनमध्ये वाळतात, पण पौर्णिमा आली की ती दोरी बघावीशी वाटते. फार वाटते.

मी तेव्हा पीएचडी करत होते, चमकणाऱ्या रंगांवर. एकदा जेवताना तिला सांगितलं, की हे रंग डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश पितात, त्यातला थोडा उष्णतेत घालवतात आणि बाकीचा दिसणारा उजेड करून परत टाकतात. माझा रंग निळा उजेड टाकायचा. घेतला किती नि परत दिला किती, हे मोजायचं माझं काम. त्यासाठी ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा दुसरा रंग घ्यायचा आणि तुलना करायची. मलेरियाच्या कडू गोळीतलं क्विनाइन त्याला चालतं.

"म्हणजे शेजारणीच्या पोळ्यांशी आपल्या पोळ्या ताडून बघायच्या," आई म्हणाली. "एकदा दाखव की गं मला तो उजेड. माझ्या डोळ्यांनी बघू दे."

"नेते ना. आकडा तेवढा जमू दे."

हे "आकडा जमू दे" मी किती वेळा म्हटलं असेन! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. भरल्या ताटावरून उठवून न्यायला हवं होतं तिला.

आकडा आला तो शंभर टक्क्यांच्या वर. सरांनी कागद बघितला, चष्मा वर सरकवला. "वा! घेतो त्यापेक्षा जास्त परत देतो? मग इथे कशाला ठेवलाय, वीज मंडळात पाठवा."

दोन महिने मी डोकं फोडलं. द्रावण पातळ केलं, दिवा बदलला, यंत्राला शिव्या घातल्या. शेवटी एका दुपारी वैतागून रंग न घालता, तो ज्यात विरघळवायचे ते नुसतं अल्कोहोल यंत्रात ठेवलं, तर तेही निळं! मग ज्या फडक्याने मी माझ्या बाटल्या आतून कोरड्या करत होते, ते अतिनील दिव्याखाली धरलं. लख्ख उजळलं. क्विनाइनची बाटली वेगळी, तिला ते फडकं कधी लागलंच नव्हतं. आईने विहाराची जुनी साडी फाडून मला मऊ फडकी करून दिली होती. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, तोही चमकणारा रंगच असतो. आणि आई पावडर दुप्पट घालायची.

घरी येऊन मी तिच्यावर तोंड सोडलं. "तुझ्या पांढरेपणापायी माझे दोन महिने मातीत गेले!"

"मला काय ठाऊक बाई," ती म्हणाली, "मी आपलं चांगलं म्हणून दिलं." दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत कोरं मांजरपाट होतं, नीट चौकोनी कापलेलं. मी ते बाहेरही काढलं नाही.

सगळं पहिल्यापासून मोजायला वर्ष गेलं. त्या वर्षात आई म्हणायची, जिन्यात ठेच लागते गं. मी म्हणायचे, नीट बघून चाल. काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवू. उरलेलीही टिकली नाही.

आकडा एकदाचा बरोबर आला. सरांनी मान डोलावली, आणि मला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर आईला न्यायचं. रविवारी तिला रिक्षाने घेऊन गेले. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. हात धरून तिला टेबलापाशी उभं केलं, बाटली समोर ठेवली, खोलीतले दिवे घालवले आणि अतिनील दिव्याचं बटण चाचपू लागले. रोजचं बटण, पण अंधारात पटकन सापडेना.

"अगं बाई, किती सुंदर निळं!" आई म्हणाली. "दिसलं गं मला. जीव शांत झाला."

बटण तेव्हा कुठे माझ्या बोटाखाली आलं होतं.

"हो आई," मी म्हणाले. "निळंच आहे."

दाबलं असतं तर टक्क आवाज झाला असता आणि तिने तो ऐकला असता. मी हात मागे घेतला, आणि आम्ही दोघी बराच वेळ त्या काळोखात उभ्या राहिलो.