झोपेतून उठायला आळस करणारा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर झोपेतून उठला, की माझ्यासारखाच बराच वेळ नुसता बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी लेकीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती.

मुकुंदवाडीहून दुरुस्तीला आलेल्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. "नवाच घेऊ का?" म्हणालो.

"काका, लई घाई तुम्हाला!" ओढणी कमरेला बांधून त्या त्याला झोपवत, उठवत राहिल्या. शेवटी त्यांनी मागचा जुना पेनड्राइव्ह उपटून काढला. बायकोच्या आरत्यांसाठी मीच तो कायमचा खोचलेला. "उठल्यावर ह्याचीच वाट बघत बसतंय ते."

कॉम्प्युटर झटक्यात उठला. मी टाळी वाजवली. त्यांनी तो पुन्हा झोपवला आणि दारात उभ्या लेकीला पुढं बोलावलं.

"माझ्या हातानं उठून काय उपयोग? मुलाखत हिची हाय."

लेकीनं बटण दाबलं. पडदा लगेच उजळला. ती म्हणाली, "बाबा, आता उद्यापर्यंत हात लावू नका."