बुडबुडे आले नाहीत

जलतरण तलावाच्या तळाशी आम्ही दोघी गुडघे टेकून समोरासमोर बसलो होतो. ऋतुजानं गळ्यावरून हात आडवा फिरवला. हवा संपली, अशी ती खूण. खरी संपली नव्हती, सराव होता. श्वास घेण्यासाठी तोंडात धरायचे तुकडे प्रत्येकीकडं दोन असतात. एक स्वतःचा. दुसरा पिवळा, छातीवर लटकणारा, जोडीदारासाठी ठेवलेला. मी माझा पिवळा तुकडा तिच्यापुढं धरला. तिनं स्वतःचा तोंडातून काढला. माझा घेतला, ओठांपर्यंत आणला. आणि तिथंच धरून ठेवला. ओठ मिटलेले. डोळे माझ्यावर.

मी बुडबुड्यांची वाट बघत होते. पाण्याखाली माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे येणारच, ते लपवता येत नाहीत. आले नाहीत. मग तिनं माझा तुकडा सोडून दिला, स्वतःचा तोंडात कोंबला आणि भसाभस श्वास घेतला. शिकवणाऱ्या सरांना खूण केली, सगळं ठीक. सरांनीही तीच खूण परत केली.

पहिल्या दिवशी सरांनी पहिलं वाक्य काय सांगितलं होतं? "श्वास कधीही रोखायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल." वर येताना श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. तो पहिला नियम ही पोरगी माझ्यापायी मोडत होती. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

नळाला पाणी कधी येईल याची ज्या शहरात वाट बघावी लागते, तिथं आम्ही समुद्राच्या तळाशी जायचं शिकत होतो. माझं मलाच हसू यायचं. पण कॉलेजनं या डायव्हिंगच्या कोर्ससाठी निवड केली तेव्हा पोहण्यात पोरींमध्ये मी पहिली आले होते. मामानं गावच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून शिकवलेलं पोहणं. ऋतुजा शहरातल्याच गारखेड्याची. गावाकडं मोठी शेती, बोलायला गोड. ओळख झाली त्याच दिवशी तिनं विचारलं, "कुठं राहतीस?"

"बजाजनगर."

"आणि आडनाव?"

सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली. तो 'अच्छा' मी शाळेपासून ओळखते.

तरी जोडी तिच्याशीच लागली. आणि मला हवा द्यायला ती कायम तयार. मी गळ्यावर हात फिरवायचा अवकाश, तिचा पिवळा तुकडा माझ्या तोंडाशी हजर. वर आल्यावर सगळ्यांना सांगायची, "मी लई पटकन देते हिला." मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी तलावाच्या काठावर मी तिला विचारलं, "तू श्वास घेतलाच नाय ना?"

"जाऊ दे ना. सरांनी ओके दिलं ना?"

"पण का नाय घेतला?"

ती केस पुसत म्हणाली, "हे बघ, राग मानू नको. तू चांगलीच हायस. पण माझ्याच्यानं नाय होत ते. सवय नाय ना."

"कशाची सवय?"

"तुला माहितीय."

माहिती होतं. तो पिवळा तुकडा माझ्या तोंडाला लागलेलाही नव्हता. नुसता माझ्या छातीवर लटकत होता, माझ्या पाठीवरच्या टाकीला जोडलेला. तिची टाकी आणि माझी टाकी एकाच कंप्रेसरनं, एकाच सकाळी भरलेली. पाण्यात ती माझ्या शेजारी खुशाल डुंबत होती. पाण्यावरून काय काय झालं ते मी घरी लहानपणापासून ऐकत आले होते. हवेचं कुणी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना रिक्षात मी काय केलं, तर तळहात तोंडापुढं धरला आणि स्वतःचाच श्वास हुंगला. घरी जाऊन पुन्हा हुंगला. दात घासले. आईनं पाहिलं. "काय हुंगती गं सारखी?" म्हणाली. मी 'काही नाय' म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. ऋतुजाच्या बोलण्यानं रडले नव्हते. मी स्वतःला हुंगलं, याची लाज वाटली. तिचं काम मीच करत होते, तेही फुकटात.

तरीही गप्प बसले. परीक्षा पास होऊन डायव्हरचं कार्ड मिळालं की पुढचे कोर्स करता येतात, पुढं कधी शिकवायचं काम मिळतं. मला तेच करायचं होतं. वाळूजला कंपनीत जाणाऱ्या पप्पांनी शिफ्टच्या बसमध्ये सांगून ठेवलं होतं, माझी पोरगी समुद्राच्या बुडाशी जाणार हाय. गिळलं सगळं. पण आत काहीतरी सारखं खाजत राहिलं.

मालवणच्या बाजूला शेवटची परीक्षा होती. समुद्रात तोच सराव, फक्त इथं जोडीदाराच्या हवेवर श्वास घेत दोघींनी एकमेकींना धरून वर यायचं. खाली गढूळ हिरवट उजेड. सर थोडे लांब. ऋतुजानं गळ्यावर हात फिरवला. मी पिवळा तुकडा दिला. तिनं ओठांपुढं धरला. ओठ मिटलेले.

बुडबुडे नाहीत.

तिनं अंगठा वर केला. चल वर. श्वास रोखून ती समुद्रातून वर निघाली होती. मरायला तयार होती, पण माझ्याकडची हवा नको. मी तिचा पट्टा धरला आणि हात हलवला. नाही. पिवळ्या तुकड्याकडं बोट केलं. घे. तिचे डोळे मोठे झाले. तिनं घाईघाईनं स्वतःचा तुकडा तोंडात घातला. मी पट्टा सोडला. सर आले आणि आम्हाला सावकाश वर घेऊन गेले.

बोटीवर मी सांगितलं, "सर, तिनं श्वास घेतला नाय. तलावातपण घेतला नव्हता."

"घेतला असेल गं. मी बघत होतो."

"बुडबुडे बघितले का?"

सर टाकीचा पट्टा सोडवत राहिले. ऋतुजा म्हणाली, "सर, मला मळमळतं."

"कशानं?" मी विचारलं. ती पाण्याकडं बघत बसली. बोटीतल्या बाकीच्यांनाही एकदम समुद्र बघायचा होता.

सर हळू आवाजात म्हणाले, "तुला दुसरी जोडीदार देतो. पटकन करून टाक, पास होशील. कशाला वाढवतेस?"

"आणि हिचं?"

"तिचं मी बघतो."

"पहिला नियम तुम्हीच सांगितला होता, सर. तिनं तो मोडला. नापास करा आणि कशामुळं मोडला ते सगळ्यांसमोर बोला. मग मी दुसरीबरोबर उतरते."

"ते मी ठरवीन. तू उतरणार आहेस की नाही?"

"अशी नाय."

"मग तुझं अपूर्ण राहील."

"राहू द्या."

कमरेचा वजनाचा पट्टा काढून मी बोटीत टाकला. धाडकन आवाज झाला. कार्ड गेलं, हे त्याच क्षणी कळलं होतं.

घरी पप्पांनी विचारलं, "झालं का?" सगळं सांगितलं. त्यांनी कामावर जायचे बूट हातात घेतले. मग म्हणाले, "कार्ड घ्यायचं व्हतं आधी. भांडायचं नंतर."

"नंतर कोण ऐकतं, पप्पा?"

ते बूट घालून कामावर गेले. बसमध्ये त्यांनी काय सांगितलं, मी विचारलं नाही.

ऋतुजाचं कार्ड आलं. तिनं ते स्टेटसला ठेवलं. आता ती कुठंही, कुणाचीही जोडीदार म्हणून पाण्यात उतरू शकते.

मी पुढच्या तुकडीत पुन्हा नाव दिलंय. सर तेच आहेत. जोडीदार कोण येईल ते ठाऊक नाही. कुणीही येवो. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून पिवळा तुकडा आधी मी तिच्यापुढं धरणार. तुझी हवा मी मग घेईन, आधी माझी तू घे. तोंड पाण्यात घाल आणि घे. नुसता ओठांपुढं धरलेला चालणार नाही. बुडबुडे मी स्वतः बघणार. ते दिसले नाहीत तर मी खाली जाणार नाही, आणि तिलाही जाऊ देणार नाही.